इम्युनोथेरपी घरात येते तेव्हा

उत्तरायणचे दोन दिवस अख्खी सुरत गच्चीवर असते. दवाखाने बंद, मेडिकलवाला अर्धं शटर ओढून पतंग उडवायला गेलेला. गेल्या वर्षी नेमक्या त्याच दोन दिवसांत माझ्या मामांना जुलाब लागले.

मामा डिंडोलीत राहतात. मूळचे अमळनेरकडचे, तापी लाइनने चाळीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि लूमच्या खात्यावर लागले. त्यातली तीस वर्षं गालात मावा होता. मग तोंडाचा कॅन्सर झाला, जबड्याचं ऑपरेशन झालं, शेक झाले. दीड वर्षाने मानेत गाठ परत आली आणि ती काढण्यासारखी नव्हती. तेव्हा डॉक्टरांनी काही गोळ्या आणि त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन सुरू केलं. "ही केमो नाही, इम्युनोथेरपी आहे," असं त्यांनी सांगितलं. आम्ही घरच्यांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला, म्हणजे केस जाणार नाहीत, उलट्या होणार नाहीत, त्रास नाही.

तसंच झालं. सलाईनमधून तासाभरात औषध जायचं आणि मामा संध्याकाळी बाल्कनीत बसून चहा प्यायचे. सुरुवातीला थोडे जुलाब झाले होते. ते गोळ्यांपैकी एकीमुळे होतात असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि जुलाबाच्या साध्या गोळीने ते थांबलेही. त्यामुळे जानेवारीत पुन्हा लागले तेव्हा आमच्याकडे कारणं तयार होती. एक ती गोळी आणि दुसरं लोचो. मामांना तिखट-कडक काही खाता येत नाही, म्हणून उत्तरायणला सगळ्यांना उंधियू आणि त्यांना बिनमिरचीचा मऊ लोचो आणला होता. "लोचो बाधला," मामी म्हणाली. मामांचं म्हणणं नेहमीचंच, "काही नही व्हस भाऊ."

ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर जुलाब थांबवायची गोळी आणि अँटिबायोटिक सांगितलं. इम्युनोथेरपी चालू आहे हे आम्ही त्यांना सांगितलंच नाही, कारण पोटाशी तिचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मी पुढच्या इंजेक्शनची वेळ बदलायला डे-केअरला फोन केला आणि सहज म्हणून जुलाबांचं बोललो. तिथल्या सिस्टरचा आवाजच बदलला. दिवसातून किती वेळा? पूर्वी किती वेळा जायचे? रात्री झोपेतून उठावं लागतं का? रक्त किंवा आव पडते का? मी मामीला विचारून सांगितलं, दिवसाला नऊ-दहा वेळा आणि काल थोडं रक्तही होतं. "आत्ता घेऊन या," त्या म्हणाल्या.

त्यांना मोठ्या आतड्याला आलेली सूज निघाली. मामांच्याच प्रतिकारशक्तीने त्यांच्या आतड्यावर हल्ला केला होता. आणखी चार दिवस घरीच काढले असते तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकली असती, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कमी डोसात हे कमी दिसतं, पण दिसतच नाही असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण त्या दोन आठवड्यांत जे कळलं ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या मंडळातल्या आणखी घरांत हे औषध येणार आहे, काही घरांत आलंही आहे, म्हणून लिहितोय.

केमो कॅन्सरच्या पेशींना थेट मारते, आणि सोबत केसांच्या, तोंडाच्या, रक्ताच्या वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही मारते. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब, अटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅब ही औषधं कॅन्सरच्या पेशीला थेट हात लावत नाहीत. आपल्या रक्तातल्या टी पेशी शरीरभर गस्त घालत असतात. त्यांनी भलत्याच पेशीवर हल्ला करू नये म्हणून त्यांच्यावर ब्रेक असतात. त्यातला एक पीडी-१. कॅन्सरची पेशी बरेचदा हाच ब्रेक दाबून सुटते, जणू वॉचमनला खोटं ओळखपत्र दाखवावं तशी. औषध हा ब्रेक सोडवतं. पीडी-१ चा शोध १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत लागला. अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी दुसऱ्या एका ब्रेकवर काम केलं होतं. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं.

आता ब्रेक सुटला की तो फक्त कॅन्सरपुरता सुटत नाही. मग आतडं, फुप्फुस, यकृत, त्वचा, थायरॉइड, मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी, सांधे, क्वचित हृदयसुद्धा, कुठेही सूज येऊ शकते. आणि ती येते ती आपल्या ओळखीच्या किरकोळ आजाराचा वेश घेऊन. जुलाब म्हणजे खाण्यातलं काहीतरी, कोरडा खोकला म्हणजे हवा बदलली, अंगावर पुरळ म्हणजे गरमी, थकवा म्हणजे वय. घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर थकव्याचा आणखी एक अर्थ निघतो, "आजार वाढला." तो अर्थ सगळे मनात काढतात आणि तोंडाने कुणीच बोलत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की यातलं काहीही नवं दिसलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना कळवायचं, मग घरगुती उपाय. पूर्वीपेक्षा दिवसातून चार वेळा जास्त शौचाला जावं लागलं तर त्याच दिवशी फोन करायचा. सात वेळा जास्त झालं किंवा रक्त दिसलं तर थेट रुग्णालयात जायचं. नवा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, छातीत दुखणं, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, पापण्या जड पडून एकाची दोन चित्रं दिसणं, न थांबणारी डोकेदुखी, अचानक खूप तहान आणि लघवी, यातल्या कशासाठीही सोमवारची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही. इंजेक्शन सुरू करायच्या आधीच रात्री आणि सुट्टीच्या दिवशी चालणारा नंबर मागून घ्या. आमच्याकडे तो नव्हता. होता तो फक्त अपॉइंटमेंटचा, आणि आम्ही दुसरा मागितलाही नव्हता.

दुसरी गोष्ट वेळेची. केमोचा त्रास बहुधा डोसनंतर काही दिवसांत दिसतो आणि उतरतो, ते गणित इथे चालत नाही. हे परिणाम काही आठवड्यांनी येतात, काही महिन्यांनी येतात, शेवटचं इंजेक्शन होऊन बरेच महिने गेल्यावरही येतात. मामांचं निवोलुमॅब जानेवारीत थांबलं. जूनमध्ये ते दिवसभर पडून राहायला लागले, बोलणं कमी झालं, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. घरात पुन्हा तीच न बोललेली शंका. टीएसएच तपासलं तर थायरॉइड मंदावलेलं. आता ते रोज पहाटे उपाशीपोटी एक छोटी गोळी घेतात, बहुतेक आयुष्यभर घेतील, आणि पुन्हा राजकारणावर वाद घालतात. थायरॉइड हा या औषधांचा सगळ्यात जास्त आढळणाऱ्या परिणामांपैकी एक आहे आणि सांभाळायला सोपा आहे. मात्र पिच्युटरी किंवा ॲड्रिनल ग्रंथी बिघडली असेल तर कॉर्टिसोलची भरपाई आधी करावी लागते आणि थायरॉइडची गोळी त्यानंतर सुरू होते. तेव्हा रिपोर्ट बघून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका.

तिसरी गोष्ट स्टिरॉइडची. आपल्याकडे हा शब्द ऐकला की लोक दचकतात. मामी तर म्हणाली, "ते नको, त्याने हाडं जातात." पण ब्रेक सुटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरायचं मुख्य औषध तेच आहे. मामांना आधी शिरेतून दिलं, चार दिवसांत जुलाब निम्म्यावर आले, मग गोळ्या, आणि त्या गोळ्या दर आठवड्याला थोड्या-थोड्या कमी करत सहा आठवड्यांनी बंद. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवल्या तर सूज उसळून परत येते. या काळात साखर वाढते, झोप उडते, जंतुसंसर्गाची भीती असते, त्यामुळे मधुमेह असेल तर ते डॉक्टरांना ठासून सांगा. स्टिरॉइडने इम्युनोथेरपी वाया जाईल का, हा माझाही प्रश्न होता. उत्तर मिळालं की दुष्परिणाम आटोक्यात आणायला दिलेल्या स्टिरॉइडने फायदा पुसला जातो असं आजवर ठळकपणे दिसलेलं नाही, आणि आतडं फुटलं तर फायद्याचा प्रश्नच उरणार नाही.

सुरू करण्याआधी डॉक्टर रक्त, यकृत, मूत्रपिंड, साखर, थायरॉइड, कावीळ बी आणि सी यांच्या तपासण्या करतात, छातीचा स्कॅन बघतात. आपल्या बाजूने सांगायचं ते असं: संधिवात, सोरायसिस, आतड्याचा जुना आजार, थायरॉइड, पूर्वी झालेला टीबी, बदललेलं मूत्रपिंड. यातलं काही लपवू नका. "वीस वर्षांपूर्वी झाला होता, आता कशाला काढायचा" असं म्हणून आमच्याकडे टीबी जवळजवळ गाळलाच होता.

आणि गुळवेल. इम्युनोथेरपी हे नाव ऐकून निम्म्या नातेवाइकांना वाटलं की हे इम्युनिटी वाढवायचं औषध आहे, मग काढ्याने आणखी वाढवू. एक काका गुळवेलीचा रस घेऊन डिंडोलीला हजर. पण इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिला अडवून धरलेलं असतं, आणि औषधाने ती आधीच मोकाट झालेली असते. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला. वादात कोण बरोबर ते बाजूला ठेवू. पण यकृताला सूज येण्याचा धोका असलेलं औषध चालू असताना यकृतावरच शंका घेतली गेलेली दुसरी वस्तू सोबत कशाला? उद्या यकृत बिघडलं तर कारण कोणतं हे डॉक्टरांनाही कळणार नाही. काकांना मामीनेच सांगितलं, मी नाही. माझ्या तोंडून त्यांना ते पटलं नसतं.

आता पैसा. निवोलुमॅबचा रूढ डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम किंवा चार आठवड्यांनी ४८०. महिन्याचा खर्च लाखांत जातो आणि उपचार वर्ष-दोन वर्षं चालू शकतो. भारतात ज्यांना ही औषधं उपयोगी पडू शकतात त्यांच्यातल्या फार थोड्यांना ती मिळतात, त्याचं कारण हेच. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. नंदिनी मेनन, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळा विचार केला. तोंड-घशाचा कॅन्सर परत आलेल्या किंवा पसरलेल्या १५१ रुग्णांना त्यांनी दोन गटांत वाटलं. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या स्वस्त गोळ्या दिल्या. एका गटाला त्याशिवाय निवोलुमॅब दिलं, पण फक्त २० मिलिग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा. मी सवयीने हिशेब केला. सहा आठवड्यांत रूढ पद्धतीने ७२० मिलिग्रॅम जातं, इथे ४०. अठरावा हिस्सा. नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षाअखेर १०० पैकी १६ जण हयात होते, इंजेक्शनवाल्या गटात ४३. गंभीर दुष्परिणामही लक्षणीय वाढले नाहीत. हा अभ्यास २०२२ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आला, आणि सुरतेत बसून मामांना जे मिळालं ते त्याच्याच जोरावर.

हे आकडे दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवेत. ४३ जण होते म्हणजे ५७ नव्हते. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं, म्हणजे हा उपचार वेळ वाढवण्यासाठीचा होता. आम्ही पहिल्या दिवशी हे विचारलंच नाही. मामांनीच विचारलं, तिसऱ्या इंजेक्शनला, आम्ही बाजूला उभे असताना: "साहेब, हे बरं व्हायला आहे की चालवायला?" डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि "चालवायला" म्हणाले. मामांनी मान डोलावली. त्याच आठवड्यात त्यांनी घराची कागदपत्रं मामीच्या नावावर करायला घेतली. प्रत्येकाचं उत्तर तेच नसतं. फुप्फुसाच्या काही रुग्णांना केमो आणि शेक झाल्यावर पूर्ण बरं करण्याच्या हेतूने डुर्व्हालुमॅब देतात, काहींना ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर इम्युनोथेरपी देतात, काहींना ती जवळजवळ निरुपयोगी असते. पीडी-एल१, एमएसआय अशा तपासण्या त्यासाठीच करतात. तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासलेला कमी डोस आपल्या दुसऱ्या कॅन्सरला लावावा असं स्वतःच ठरवू नका. कमी डोस चालेल का, एवढं मात्र जरूर विचारा, विचारायला लाज कसली.

२० मिलिग्रॅमचं आणखी एक व्यवहारी अंग आहे. निवोलुमॅबची छोटी कुपी ४० मिलिग्रॅमची येते. काही ठिकाणी एकाच दिवशी दोन रुग्णांना बोलावून ती वाटतात आणि खर्च निम्मा होतो. आमच्या बाजूच्या खाटेवर नवसारीचे एक शिक्षक असायचे. त्यांचं आणि मामांचं "आपली बाटली" हे नातं इंजेक्शन थांबल्यावरही टिकलं.

औषध बाहेरून आणायला सांगितलं तर पक्कं बिल घ्या, त्यावरचा बॅच नंबर कुपीशी ताडून बघा, आणि ते २ ते ८ अंश तापमानात आलंय ना ते विचारा. रिकामी कुपी आणि खोकं तुमच्यासमोर नष्ट करायला लावा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ती कॅन्सरच्या महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या मिळवून त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरून विकत होती. इम्युनोथेरपीच्या कुप्याही त्यात होत्या. "अर्ध्या किमतीत मिळवून देतो" म्हणणारा माणूस आम्हालाही भेटला होता. मला मोह झाला होता, हे कबूल करतो.

गुजरातेत आयुष्मान कार्डावरची मर्यादा जुलै २०२३ पासून १० लाखांची आहे. पण कार्ड आहे म्हणजे प्रत्येक औषध त्यात बसतंच असं नाही. कोणतं औषध कोणत्या आजारासाठी बसतं ते रुग्णालयाच्या योजना-खिडकीवर पहिल्या डोसच्या आधी विचारा. खासगी विमा असेल तर डे-केअरमधली इम्युनोथेरपी किती रकमेपर्यंत चालते ते लेखी घ्या. काही औषध कंपन्यांच्या सवलत योजना असतात, त्या डॉक्टरांमार्फतच मिळतात. दुसरं मत हवं तर पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबईला जाता येतंच, पण टाटा आणि राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सल्ला सेवाही आहे. रिपोर्ट अपलोड करायचं काम आपल्या पिढीचं.

मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते कार-टीबद्दल. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईच्या आयआयटीत भारतीय कार-टी उपचाराचं लोकार्पण केलं, तेव्हापासून ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरते आहे. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोॲक्ट यांचं नेक्सकार१९ हे खरंच मोठं काम आहे. अमेरिकेत ज्या जातीच्या उपचाराला तीन-चार कोटी लागतात तो इथे चाळीस लाखांच्या आसपास आला. पण तो बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, म्हणजे काही लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे. रुग्णाच्या टी पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. तोंडाच्या, स्तनाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरला तो लागू नाही. ती बातमी कुणा पेशंटला पाठवण्याआधी एवढं बघून घ्या.

मामांना निवोलुमॅब पुन्हा दिलं नाही. गोळ्या काही आठवड्यांनी सुरू झाल्या. मानेतली गाठ स्कॅनमध्ये लहान झालेली दिसली आणि अजून तेवढीच आहे. दर तीन महिन्यांनी स्कॅन, दर सहा आठवड्यांनी रक्त. स्कॅनच्या आधीची रात्र अजूनही कुणाला झोप लागू देत नाही.

मी एक कार्ड छापून लॅमिनेट केलंय. "या व्यक्तीला कॅन्सरसाठी इम्युनोथेरपी दिली आहे, केमो नाही. दुष्परिणाम औषध थांबल्यावरही येऊ शकतात." खाली औषधाचं नाव, पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख, डॉक्टरांचा आणि रात्रीचा नंबर, आणि आतड्याला सूज येऊन गेल्याची नोंद. गुजरातीत एक बाजू, इंग्रजीत दुसरी. मामी ते पर्समध्ये ठेवते. मागच्या महिन्यात मामांची दाढ दुखत होती म्हणून दातांच्या दवाखान्यात गेलो, तर काउंटरवरची मुलगी नाव विचारायच्या आधीच मामीने कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बेन, पहिलं आ वांचो."